उजव्या सीटचा हिशेब

कारेलीबागेत गच्चीवर वाळवण गोळा करायला गेलेल्या बाईलाही मुंबईचं विमान आज किती उशिरा आलं ते कळतं. हरणीचा विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर. खाली अमितनगर सर्कलला अहमदाबादच्या गाड्यांची हाकाटी चालू असते आणि वरून एखादी एअरबस चाकं काढून उतरत असते. त्याच विमानतळाच्या आवारात गुजरात फ्लाइंग क्लब आहे. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, हातात जाडजूड बॅग अशी विशी-बाविशीतली पोरं हरणी रोडला चहा पिताना दिसतात. ऑक्टोबर 2024 मध्ये बडोद्यात टाटांच्या सी-295 विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, त्यासाठी भारताचे आणि स्पेनचे पंतप्रधान इथे येऊन गेले आणि बडोद्याला विमानाचं वेड आणखी चढलं.

तेव्हा इथल्या मराठी घरांत बारावी सायन्सच्या निकालानंतर इंजिनिअरिंग आणि सीएच्या जोडीला 'पायलट' हा शब्द उच्चारला जातो यात नवल नाही. शब्द उच्चारला की शेजारचे काका लगेच विचारतात, लागल्यावर किती मिळतात?

उत्तरं निरनिराळी येतात. कुणी 50 हजार सांगतं, कुणी पावणेदोन लाख, कुणी साडेसात लाख. गंमत अशी की तिघेही खोटं बोलत नसतात. एअर इंडियाने एप्रिल 2023 मध्ये वैमानिकांसाठी नवी वेतनरचना आणली, तीत प्रशिक्षणार्थी वैमानिकाचा आकडा महिना 50 हजारांचा होता. अकासा एअरने ऑक्टोबर 2022 पासून फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची, सुरुवात 1 लाख 11 हजारांवरून 1 लाख 80 हजारांवर नेली. आणि स्पाइसजेटने मे 2023 मध्ये जाहीर केलं की महिन्याला 75 तास उडणाऱ्या कॅप्टनला साडेसात लाख मिळतील. पेपरात मथळा तिसऱ्या आकड्याचा होतो. घरात चर्चाही त्याचीच होते. नव्याने लागणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मात्र पहिल्या आकड्यापासून सुरुवात करावी लागते, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता किती लांब आहे हे कुणी विचारत नाही.

म्हणून आधी रस्ता पाहू.

कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सगळे ज्याला सीपीएल म्हणतात ते, मिळवायला बारावीला फिजिक्स आणि गणित हवं, वय 18 पूर्ण हवं, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, वर्ग एकची वैद्यकीय तपासणी पास हवी, नेव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक असे पेपर सुटलेले हवेत, रेडिओचा परवाना हवा आणि 200 तासांचं उड्डाण हवं. खर्चाचा सगळा भार या 200 तासांवर आहे. देशात शिकलं तर आज 40 ते 55 लाखांच्या घरात जातो. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत, ज्यात परदेशातलं शिक्षण आणि पुढचं टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमान उडवण्याची पात्रता, हेही धरलेलं असतं, आकडा कोटीच्या पलीकडे जातो.

मराठी मुलांसाठी ठिकाणं तशी बरीच आहेत. बारामती, गोंदियाजवळचं बिरसी, धुळे, इकडे गुजरातेत मेहसाणा, अहमदाबाद आणि आपलं हरणी. गोंदियाची एनएफटीआय ही विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई यांनी मिळून काढलेली संस्था. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची स्वतःची उड्डाण शाळा उभी राहते आहे. 34 विमानं आणि वर्षाला 180 वैमानिक असा तिचा आराखडा आहे. पण नाव ऐकून फी भरावी अशी परिस्थिती नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीला एका संस्थेची दोन प्रशिक्षण विमानं चार दिवसांत कोसळली आणि डीजीसीएने तिचं उड्डाण थांबवलं. 2025 च्या ऑक्टोबरपासून डीजीसीए फ्लाइंग शाळांना श्रेणी देऊ लागलं. पहिल्याच यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत एकही शाळा बसली नाही. विमान दुरुस्तीत, प्रशिक्षक सोडून गेलेला, पावसाळ्यात धावपट्टी बंद, अशा कारणांनी वर्षाचा अभ्यासक्रम अडीच वर्षांवर जातो हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. तोवर कर्जाचं व्याज थांबत नाही.

कर्जाचा हिशेब कागदावर मांडलाच पाहिजे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. म्हणजे कारेलीबागेतला फ्लॅट किंवा आजोबांनी बांधलेलं टेनामेंट बँकेकडे. 50 लाख कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता 66 हजार येतो. शिकतानाच्या दोन वर्षांचं व्याज मुद्दलात चढलं, तर तोच हप्ता 79 हजार होतो. आता वरचा पहिला आकडा आठवावा. 50 हजारांच्या विद्यावेतनात 79 हजारांचा हप्ता बसवायचा तर उरलेले 29 हजार वडिलांच्या पेन्शनमधून जातात. मुलाच्या खांद्यावर पट्ट्या चढलेल्या असतात, फोटो व्हॉट्सअॅपवर फिरलेला असतो, आणि हप्ता मात्र अजून वडीलच भरत असतात.

आणि हे सगळं मुलगा लागला असेल तर. न लागलेल्यांची रांग हा या विषयातला सर्वांत अवघड भाग.

देशात वैमानिकांचा तुटवडा आहे, हे वाक्य गेली काही वर्षं सतत कानावर पडतं. पुढच्या 15-20 वर्षांत 30 हजार वैमानिक लागतील असं नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू सांगतात. एअर इंडियाने 2023 मध्ये 470 विमानांची ऑर्डर दिली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने एका फटक्यात 500 विमानांची दिली, जानेवारी 2024 मध्ये अकासाने 150 ची. विमानं इतकी, तर पायलट लागणारच, हा तर्क बरोबर आहे. जाहिरातवाले तो बरोबर वापरतातही. निसटतो तो एक तपशील: कोणते पायलट?

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोचा कारभार कोलमडला तेव्हा याचं उत्तर आकड्यांत समोर आलं. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांप्रमाणे कंपनीच्या ए320 ताफ्याला 2,422 कॅप्टन लागत होते आणि हाताशी होते 2,357. म्हणजे 65 कमी. फर्स्ट ऑफिसर लागत होते 2,153 आणि होते 2,194. म्हणजे 41 जास्त. देशातली सर्वांत मोठी कंपनी, एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द करण्याची पाळी, विमानतळांवर बॅगांचे डोंगर, आणि तरीही उजव्या सीटवर बसणारे फर्स्ट ऑफिसर गरजेपेक्षा जास्त. तुटवडा आहे तो डाव्या सीटचा, म्हणजे कॅप्टनचा.

कॅप्टन काही कारखान्यात तयार होत नाही. त्याला एटीपीएल हे वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं, त्यासाठी 1,500 तास लागतात, त्यानंतर कंपनीच्या स्वतःच्या अटी, परीक्षा, कमांडचं प्रशिक्षण. सीपीएल मात्र दरसाल हजारांनी निघतात. 2022 मध्ये 1,165, 2023 मध्ये 1,622, 2024 मध्ये 1,300 च्या वर. कंपन्यांनी भराभर भरती केली त्या वर्षांत यातले बरेच सामावले गेले. विमानांची डिलिव्हरी लांबली किंवा इंजिनांच्या दुरुस्तीसाठी विमानं जमिनीवर बसली की पहिली भरती थांबते ती याच टोकाची. मग घरी बसून सहा महिन्यांनी लायसन्स चालू ठेवण्यासाठी पुन्हा पैसे भरून तास उडवायचे. काही मुलं फ्लाइंग शाळेतच प्रशिक्षक होतात. पगार बेताचा, पण तास भरतात आणि हात चालू राहतो. सल्ला विचारला तर जुने वैमानिक हाच मार्ग सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

समजा, लागला. लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, सिम्युलेटरवरची परीक्षा सगळं पार पडलं. ईमेल आला, पेढे वाटले. हातातलं पत्र बहुतेक वेळा नोकरीचं नसून प्रशिक्षणाचं असतं. सेसनावर 200 तास उडवलेल्या मुलाला ए320 किंवा बोइंग 737 उडवायचं तर टाइप रेटिंग हवं. आधी वर्ग, मग सिम्युलेटर, ज्याला सगळे नुसतं 'सिम' म्हणतात. सिम्युलेटर रात्रीही रिकामं ठेवणं परवडत नाही, त्यामुळे नवख्यांच्या वाट्याला पहाटे दोनचा स्लॉट हमखास येतो. चार तास घामाघूम, इंजिन बंद पडलंय, आग लागलीय, धावपट्टी दिसत नाहीये. त्यानंतर तासभर चुकांची उजळणी. टाइप रेटिंगचे 12-15 लाख किंवा अधिक काही कंपन्या उमेदवाराकडून घेतात, काही स्वतः घालतात आणि त्या बदल्यात काही वर्षांचा बाँड लिहून घेतात. दोन्हींत काहीतरी गहाण पडतंच. एकीकडे घर, दुसरीकडे वर्षं.

रेटिंग झालं तरी काम सुरू होत नाही. आधी मागच्या जंपसीटवर बसून निरीक्षण, मग प्रशिक्षक-कॅप्टनच्या शेजारी बसून प्रवाशांसह देखरेखीखालचं उड्डाण, आणि सर्वांत शेवटी परीक्षा. ती पास झाली की मुलगा 'रिलीज' झाला असं म्हणतात. या धंद्यात वाढदिवसापेक्षा रिलीजची तारीख जास्त लक्षात राहते, कारण पूर्ण पगार बहुतेक ठिकाणी त्या दिवसापासून सुरू होतो. नेमणूक आणि रिलीज यांच्यात सहा महिने जातात, प्रशिक्षक कमी पडले तर वर्षही जातं. नेमणुकीच्या पत्रावरचा आकडा आणि खात्यात जमा होणारा आकडा यांतलं अंतर ते हेच.

पूर्ण पगार म्हणजे तरी काय, हेही नीट पाहायला हवं. सरकारी नोकरीत असतो तसा हा ठरलेला पगार नसतो. काही भाग ठरावीक, बाकीचा उड्डाणाच्या तासांवर. तासही विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचे. घरून निघणं, तासभर आधी हजेरी, श्वासाची दारू-चाचणी, हवामानाचे कागद, दोन उड्डाणांमधली अर्ध्या तासाची धावपळ, धुक्यामुळे टर्मिनलमध्ये काढलेले तीन तास, यातलं बहुतेक काही तासांत धरलं जात नाही. नऊ तास ड्युटी करून पाच तासांचे पैसे, हे नेहमीचं गणित.

म्हणून करारातला 'हमी तास' हा शब्द मूळ पगारापेक्षा महत्त्वाचा. उड्डाणं कमी मिळाली तरी इतक्या तासांचे पैसे नक्की, असा त्याचा अर्थ. एअर इंडियात ही हमी कोविडपूर्वी 70 तासांची होती, कोविडमध्ये 20 वर आली, आणि एप्रिल 2023 च्या नव्या रचनेत 40 वर थांबली. वैमानिकांच्या दोन्ही संघटना तेव्हा खवळल्या होत्या आणि त्यामागचं कारण हेच होतं. पुढे 2024 मध्ये त्या कंपनीने पदानुसार महिना 5 ते 15 हजारांची वाढ आणि वर्षाचा बोनस दिला. वाढ चांगली, पण हमीचा 70 चा आकडा वेगळाच.

अकासाच्या 1 लाख 80 हजारांचं उदाहरण घेऊन घरचा हिशेब करू. वर्षाचे 21 लाख 60 हजार. नव्या करप्रणालीच्या 2025-26 च्या दरांनी कर साधारण 2 लाख 30 हजार, म्हणजे महिना 19 हजार. हातात 1 लाख 60 हजारांच्या आसपास, भविष्यनिर्वाह निधी त्यातून जायचा आहे. हप्त्याचे 79 हजार काढले की उरतात 80 हजार. त्यात मुंबईत अंधेरी किंवा मरोळला दोघा-तिघांत फ्लॅट, रात्री-अपरात्री टॅक्सी नसेल तेव्हाचा खर्च, गणवेश, वैद्यकीय तपासण्या, लायसन्स गेलं तर म्हणून काढलेला विमा. तेविशीतल्या मुलासाठी ही कमाई वाईट मुळीच नाही. त्याच वर्षी एमएस युनिव्हर्सिटीतून इंजिनिअर होऊन मकरपुऱ्याच्या कारखान्यात लागलेल्या मित्राच्या कितीतरी पट आहे. फक्त शेजारच्या काकांनी ऐकलेली ती ही नव्हे.

भत्त्यांचेही आकडे लहान असतात, पण वैमानिक त्यांच्याबद्दल फार बोलतात, कारण ते रोजच्या जगण्याला चिकटलेले असतात. डिसेंबरच्या गोंधळानंतर इंडिगोने जानेवारी 2026 पासून परगावी मुक्कामाचा भत्ता कॅप्टनसाठी 2,000 वरून 3,000 आणि फर्स्ट ऑफिसरसाठी 1,000 वरून 1,500 केला. ड्युटीसाठी प्रवासी म्हणून बसून जावं लागतं, त्याला 'डेडहेड' म्हणतात. त्याचेही दर वाढले, कॅप्टनला 4,000, फर्स्ट ऑफिसरला 2,000. जवळपास सगळीकडे उजव्या सीटला डाव्या सीटच्या निम्मं. जोखीम एकच, विमान एकच, इडली-सांबारही एकाच ट्रॉलीतलं. पगारपत्रक मात्र दोन टोकांना.

पैशाइतकाच प्रश्न वेळेचा. नवख्याचं रोस्टर कसं असतं?

सर्वांत आधी बेस. मुलाखतीत आवडीची शहरं विचारतात, नेमणूक कंपनीला गरज असेल तिथे होते. दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद ही नेहमीची नावं. बडोद्याला बेस मिळेल अशी आशा कुणी धरत नाही. मुंबई मिळाली तर कारेलीबागेत पेढे दुसऱ्यांदा वाटावेत, कारण वंदे भारत चार-साडेचार तासांत मुंबई सेंट्रलहून बडोद्याला आणून सोडते आणि साप्ताहिक सुट्टीत आईच्या हातचं जेवून परत जाता येतं. दिल्ली किंवा कोलकाता मिळालं की सुट्टी झोपेत जाते.

मग स्टँडबाय. रोस्टरवर नाव असतं, उड्डाण नसतं. गणवेश इस्त्री करून, फोन उशाशी ठेवून, ठरलेल्या वेळेत विमानतळ गाठता येईल इतक्याच अंतरावर राहायचं. कुणी आजारी पडलं की फोन वाजतो. नाही वाजला तर दिवस संपला, आणि त्या दिवसाचे तास शून्य. ज्येष्ठांना पसंतीची उड्डाणं मागता येतात. दिवाळी, गणपती, 31 डिसेंबर मात्र नवख्यांच्या वाट्याला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटण्याच्या हॉटेलात एकटं जेवलेला फर्स्ट ऑफिसर प्रत्येक बॅचमध्ये सापडतो.

कधी योगायोग असाही येतो: मुंबई-बडोदा-मुंबई. तासाभराचं उड्डाण, उतरताना उजव्या खिडकीतून ओळखीच्या गच्च्या, पाण्याची टाकी, व्हीआयपी रोड. खाली अर्धा तास. त्यात इंधन, कागद, बाहेरून विमानाला फेरी. घर पाच-सात मिनिटांवर असतं आणि दारातून बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. आई गच्चीवरून हात हलवते, मुलाला ती दिसत नाही. संध्याकाळी फोनवर दोघंही म्हणतात, आज आलो होतो, आज पाहिलं.

विश्रांतीचे नियम मात्र खरोखर सुधारले आहेत, आणि ते सहज सुधारलेले नाहीत. वैमानिकांच्या संघटना त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत नवे नियम आले. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली. रात्र पहाटे पाचला संपायची, ती आता सहापर्यंत धरतात. रात्रीच्या ड्युटीत पूर्वी सहा लँडिंग करता यायची, ती दोनवर आली. वर्षाला 1,000 तासांची आणि आठवड्याला 35 तासांची मर्यादा आहेच. इंडिगोला वेळेत माणसं जमवता आली नाहीत आणि देशाने डिसेंबरचा पहिला आठवडा पाहिला. रात्रीच्या नियमांतून तिला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली गेली. प्रवाशांनी तेव्हा शिव्या नियमांना दिल्या. द्यायच्या होत्या दुसरीकडे, कारण नियम येणार हे जवळपास दोन वर्षं आधी ठरलं होतं.

थकव्याचा मुद्दा पुस्तकी नाही. फेब्रुवारी 2009 मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून 50 माणसं गेली. चौकशीत निघालं की 24 वर्षांची सहवैमानिक रात्रभर प्रवास करून सिएटलहून कामावर आली होती आणि तिचा पगार इतका तुटपुंजा होता की बेसच्या शहरात घर घेणं तिला परवडत नव्हतं. त्या अपघातानंतर अमेरिकेने कायदा बदलला आणि 2013 पासून तिथे उजव्या सीटवर बसायलाही साधारण 1,500 तास लागतात. त्याने नवखे कमी झाले, आणि मग 2022 मध्ये छोट्या कंपन्यांनाही नव्या सहवैमानिकाला तासाला 90 डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे 200 तासांचा मुलगा थेट 180 प्रवाशांच्या विमानात बसतो. ते चूक आहे असं म्हणता येत नाही, युरोपातही असंच चालतं. पण दार उघडं असलं की गर्दी होते, आणि गर्दी झाली की पहिला पगार वाढत नाही.

मोठ्या जेटच्याच मागे लागावं का, हा प्रश्न फार थोडे विचारतात. इंडिगोत नवख्याला एअरबसऐवजी एटीआर मिळालं की घरात तोंडं पडतात. पंख्याचं विमान, 70-80 प्रवासी. वास्तविक कोल्हापूर, जळगाव अशा विमानतळांवर हेच विमान जातं. गोव्यातून मार्च 2024 मध्ये सुरू झालेली फ्लाय91 जळगाव, सिंधुदुर्ग, पुणे अशी उडते, कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रेअर चालवते. लहान कंपनीत ताफा लहान, रांगही लहान, लँडिंग जास्त, हात लवकर तयार होतो. उलट बाजूला, कंपनी लहान म्हणजे तिचा आधारही लहान.

आणि मोठ्या कंपन्यांचा आधार तरी किती, हे एका पिढीत तीनदा दिसलं. ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशर थांबली. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. मे 2023 मध्ये गो फर्स्ट जमिनीवर आली. जेटने बंद पडण्याआधी दोन वर्षं, 2017 मध्ये, खर्च कमी करायला पहिला हात घातला होता तो ज्युनिअर वैमानिकांच्या पगाराला, 30 ते 50 टक्के कपात. कंपनी बुडाली की कॅप्टन पुढच्या महिन्यात दुसरीकडे लागतो. 400 तासांचा फर्स्ट ऑफिसर पुन्हा रांगेच्या शेवटी जातो, कारण ज्येष्ठता बरोबर नेता येत नाही.

सोडून जाणंही सोपं नाही. 2017 पासून फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते. 2023 मध्ये अकासाचे 43 वैमानिक नोटीस न भरता गेले, तेव्हा कंपनी मुंबईच्या आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचली. त्यात बाँड असेल तर तो वेगळा.

इतकं असूनही मुलं येतात, मुलींचं प्रमाण तर जगात वाखाणण्यासारखं आहे. भारतात दर शंभर वैमानिकांत पंधराच्या आसपास स्त्रिया, जगाची सरासरी पाचच्या घरात. त्याची एक मराठी सुरुवात 1985 ची. त्या नोव्हेंबरात कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्ता-सिल्चर हे इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान फक्त स्त्रियांच्या चमूने नेलं. त्या काळी कंपन्या सरकारी, पगाराची श्रेणी ठरलेली, आणि लायसन्सधारक मोजके. आज आठ-दहा कंपन्या आणि हजारो लायसन्सं. भाव ठरतो तो बाजारात.

12 जून 2025 ला अहमदाबादला विमान कोसळलं, त्यानंतर बडोद्यातल्या घरांत काही महिने हा विषय निघत नव्हता. आता पुन्हा निघू लागला आहे. यंदाच्या मेमध्येही कारेलीबागेतला कुणी बाप फ्लाइंग शाळेचं माहितीपत्रक घेऊन बँकेत जाईल. त्याने जावंही. मात्र माहितीपत्रकातला कॅप्टनचा पगार बाजूला ठेवून शाळेला विचारावं की गेल्या दोन वर्षांत किती मुलांचे 200 तास ठरलेल्या मुदतीत झाले आणि त्यातले किती आज रिलीज झालेले आहेत. कंपनीचं पत्र आलंच तर पूर्ण पगाराची तारीख, हमी तास आणि बाँडची वर्षं लेखी मागून घ्यावीत. आणि वर्ग एकची वैद्यकीय तपासणी पहिली फी भरण्याआधी करून घ्यावी, कारण रंग ओळखण्यात दोष निघाला तर लायसन्स अडू शकतं आणि भरलेली फी बहुतेक शाळा परत देत नाहीत.